वर्गणी नको, ठेव हवी!

वर्गणी गोळा करण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. गणपती असो नाहीतर गॅदरिंग, चार दिवसांत हॉस्टेलच्या रूम पालथ्या घालून आपण रक्कम उभी करतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात अख्ख्या कोल्हापूरनं हेच दाखवलं. तालमी, मंडळं, कॉलेजची पोरं, सगळी मदतीला रस्त्यावर होती. पण पूर ओसरतो, मांडव उतरतो आणि डबा रिकामा होतो. पुढं एखाद्या पोराचं मेसचं बिल थकलं की आपण परत शून्यापासून सुरू! शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, मेस काही तोवर थांबत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला वर्गणीची नाही, कायमच्या ठेवीची सवय लागली पाहिजे.

अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात 1914 साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरनं 'कम्युनिटी फाउंडेशन' सुरू केलं. कल्पना साधी. गावातल्या लोकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या, त्याचं उत्पन्न गावासाठी वापरायचं, आणि ते शाळेला द्यायचं, कलेला द्यायचं की सेवाभावी संस्थेला, हे त्या त्या वेळी गावातल्याच माणसांच्या समितीनं ठरवायचं.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. त्यांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं लावून दिली, आणि कारभार त्या त्या समाजातल्या माणसांवर सोपवला. म्हणून तर दसरा चौकात ती बोर्डिंगं आजही दिसतात. इथल्याच जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचा मुष्टिफंड आठवा. बायाबापड्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर पोरं शिकायची. मूठ छोटी, पण रोजची!

आता आपला हिशोब. समजा हॉस्टेलवर 400 जण आहेत. प्रत्येकानं महिन्याला 50 रुपये दिले, म्हणजे महिन्यातली एखादी मिसळ कमी केली, तर 10 महिन्यांत 2 लाख होतात. पाच वर्षांत 10 लाख. मुद्दलाला हात लावायचा नाही. 6 टक्के व्याज धरलं तरी वर्षाला 60 हजार. आपण पास होऊन गेलो तरी ते येतच राहतील.

काही जण म्हणतील, गरजूंना द्या, नाटकाला कशाला? अहो, ज्या राजानं बोर्डिंगं काढली त्यानंच 1915 ला पॅलेस थिएटर उभं केलं, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा गाव का हळहळलं? तिथं आपलं काहीतरी होतं म्हणूनच ना! तेव्हा व्याजातला थोडा वाटा आपल्या नाटकाच्या टीमला आणि शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेलाही जावा.

पण एक धोका आहे. महाराजांनी आधी 1896 मध्ये सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण बहुजनांची पोरं तिथं फारशी पोचलीच नाहीत. त्यानंतर वेगळी बोर्डिंगं आली. त्यातून आपण धडा घ्यायचा तो असा, की 'सर्वांसाठी खुला' अशी नोटीस लावून भागत नाही. ज्याला खरी गरज आहे तो लाजेनं अर्जच करत नाही. त्याला शोधून काढावं लागतं, आणि त्याचं नाव चार भिंतींच्या आत ठेवावं लागतं. हिशोब मात्र पै न् पै नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. समितीत पोरं हवीत, पोरी हव्यात, एखादे सर किंवा मॅडम हवेत आणि मेसमधलं कुणीतरी हवंच. कोण दोन वेळा जेवतं आणि कोण एकच वेळ, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असतं?

आपण बीम किती लोड घेईल हे काढायला शिकतो. आपल्या शेजारच्या कॉटवरचा मित्र किती लोड घेऊन बसलाय, हेही एकदा बघूया. या महिन्यापासून सुरुवात करूया. पन्नास रुपये काढा!