बारा दासींची वाचा

होमरच्या ‘ओडिसी’त वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस पत्नीच्या मागे लागलेल्या वरांना ठार करतो. पाठोपाठ वरांना सामील झाल्याच्या ठपक्यावरून बारा दासी फासावर जातात. त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. मार्गारेट ॲटवूड यांनी २००५ साली ‘द पेनेलोपिअड’मध्ये त्याच दासींना वाचा दिली. २०१८ साली पॅट बार्कर यांच्या कादंबरीत अकिलिसची बंदिनी ब्रिसेइस बोलू लागली, तर मॅडलिन मिलर यांच्या कादंबरीत चेटकीण सर्सी. वाचकांनी ही पुस्तके डोक्यावर घेतली.

‘मूळ काव्य सोडून ही उसनवारी कशाला?’ असा आक्षेप जाणकार घेतात. मला तो पटत नाही. १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’मुळे कर्णासाठी हळहळलेल्या मराठी वाचकालाही तो पटू नये. पुराणे टिकतात ती प्रत्येक पिढीने त्यांना नवे प्रश्न विचारल्यामुळेच. मात्र होमरने दासींना किती थोडक्यात निकालात काढले, हे ठाऊक असल्याशिवाय ॲटवूड यांचा संताप पुरता कळत नाही. म्हणून घरातल्या तरुण वाचकांच्या हाती ही दोन्ही पुस्तके द्यावीत, असे मला वाटते.