कापलेला हप्ता जातो कुठे?

एसटीच्या चालकाने घराच्या दुरुस्तीसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, की त्याचा हप्ता पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरचा वाहक असो की चिकलठाण्याच्या कार्यशाळेतला कारागीर, व्यवस्था तीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 नुसार सभासदाने तसा करार करून दिला आणि संस्थेने मागणी केली, की पगारातून रक्कम कापून संस्थेकडे भरणे मालकावर बंधनकारक आहे. नागरी पतसंस्थांना वसुलीसाठी दारोदार फिरावे लागते, जामीनदारांना नोटिसा पाठवाव्या लागतात. नोकरदारांच्या पतसंस्थांचा हा खर्च आणि ही धास्ती बऱ्याच अंशी वाचते. वाहतूक क्षेत्रातल्या पतसंस्था चांगल्या चालायच्या असतील, तर सभासदाच्या खिशातून संस्थेच्या खात्यापर्यंतची पैशाची वाट आखूड हवी आणि ती सभासदाला शेवटपर्यंत दिसायला हवी, असे माझे ठाम मत आहे. बाकी सगळे त्यानंतर येते.

एसटीत नेमकी हीच वाट मध्येच तुटते. पगारातून रक्कम कापली, पण ती भविष्य निर्वाह निधी, बँक आणि पतसंस्थांकडे वेळेवर भरली गेली नाही, अशी तक्रार कर्मचारी संघटनांनी गेल्या काही वर्षांत वारंवार केली आहे. एप्रिल 2025 मध्ये तर मार्चचा पगारच 56 टक्के झाला. याची झळ कोणाला बसते? ज्याने हप्ता दिला आहे तोच कागदावर थकबाकीदार ठरतो आणि ज्याला नवे कर्ज हवे आहे त्याला संस्था थांबायला सांगते, कारण एकाचा परत आलेला हप्ता हेच दुसऱ्याचे कर्ज असते. कायदा इथे दुबळा नाही. रक्कम न भरणारा मालक त्याच कलमाखाली जबाबदार ठरतो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पण महामंडळाच्या नोकरांनी निवडलेले संचालक महामंडळावर जप्ती आणतील, ही अपेक्षाच अवाजवी आहे. एसटीतला ज्येष्ठांचा मोफत प्रवास आणि मार्च 2023 पासून महिलांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत या योग्य योजना आहेत. मात्र त्यांची भरपाई सरकारने उशिरा दिली, तर त्याची किंमत कर्मचाऱ्याच्या कापलेल्या हप्त्यातून वसूल होता कामा नये. कपातीची रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवली जावी आणि ती जमा झाल्याचा संदेश सभासदाच्या मोबाइलवर यावा.

यावर कोणी म्हणेल, की वसुलीपेक्षा संचालकांची नियत महत्त्वाची. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरातल्याच आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत ठेवीदारांचे कोट्यवधी रुपये अडकले. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखे 5 लाखांचे विमासंरक्षण नसते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले. आक्षेप खरा आहे. पण नियत मोजण्याचे साधन कोणाकडेच नाही, हिशेब मोजण्याचे आहे. एसटी कर्मचाऱ्यांच्या बँकेत जून 2023 च्या निवडणुकीनंतर कर्जाचे व्याजदर एकदम उतरवले गेले आणि ठेवीदारांनी मोठ्या प्रमाणावर ठेवी काढल्या. कर्जदारांची मते जिथे भारी पडतात, तिथे स्वस्त कर्ज हे सर्वांत सोपे आश्वासन असते. ठेवीवर किती व्याज जाते, कर्जावर किती येते आणि राखीव निधीत किती पडते, हे दर महिन्याला आगाराच्या फलकावर लागले, तर त्या आश्वासनाचा खर्च मतदानाआधीच दिसेल.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: सक्तीच्या कपातीने घरी न्यायला काय उरते? जुन्या वेतन अदायगी कायद्यात सहकारी संस्थेच्या देण्यासह 75 टक्क्यांपर्यंत कपात चालत असे. 2019 च्या वेतन संहितेने ती मर्यादा 50 टक्क्यांवर आणली. हे योग्यच झाले. वसुलीची खात्री आहे म्हणून झेपत नसलेले कर्ज देणारी संस्था सभासदाला खासगी सावकाराच्या दारात उभी करते, आणि मग संप झाला, 2021-22 सारखे महिनोन्‌महिने पगार थांबले, की अशा घराला सावरायला जागाच उरत नाही.

आणि ज्यांना मालकच नाही, त्यांचे काय? जालना रोडवर सीटवर प्रवासी घेणाऱ्या रिक्षाचालकाचे उत्पन्न रोजचे, पण फायनान्स कंपनीचा हप्ता महिन्याचा. केनियात मटाटू, म्हणजे खासगी प्रवासी मिनीबस, चालवण्याच्या परवान्यासाठी किमान 30 वाहनांच्या बचत-कर्ज संस्थेत किंवा कंपनीत सामील होणे कायद्याने बंधनकारक केले गेले. ती सक्ती आपण उचलू नये. परवान्यापुरता झालेला सभासद बचत करेलच असे नाही. आपल्याकडे पिग्मीची जुनी पद्धत आहे. स्टँडवर रोज गोळा होणारी रक्कम एजंटच्या वहीऐवजी थेट खात्यात जावी, सहा महिने सलग बचत करणाऱ्याला पासिंग, विमा आणि टायरसाठी छोटे कर्ज मिळावे, आणि ते रोजच्याच हप्त्याने फिटावे. एखाद्या स्टँडवरचे पन्नास-साठ चालक घेऊन अशी सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. सहकार खात्याने नोंदणीला आणि पहिल्या दोन वर्षांच्या लेखापरीक्षणाला हात द्यावा लागतो.