टिकाऊ कशास म्हणावे?

गेल्या श्रावणात एके रात्री अलिबागहून माझ्या भाच्याचा फोन आला. स्वर रडवेला होता. “मामा, माझा हात बिघडला आहे,” एवढेच तो बोलला आणि माझ्या काळजात धस्स झाले. पडलास का, सूज आली आहे का, डॉक्टरांना दाखविले का, असे नाना प्रश्न मी एका दमात विचारले. तेव्हा कळले, की हात तसा धडधाकट होता. मात्र संगणकावरील खेळात तो महिनाभर एकसारखा हरत होता आणि त्या पराजयाचे खापर त्याने आपल्या तर्जनीवर फोडले होते.

तो खेळतो त्या खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’. त्याचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. त्यात गाव वसवावयाचे, शेते पिकवावयाची, लाकूड तोडावयाचे, कोट बांधावयाचा आणि मग शेजारच्या राजाशी दोन हात करावयाचे. एखाद्या शेतकऱ्यावर माऊसने एक टिचकी मारली, की तो एकटा आपल्या आज्ञेत येतो. लागोपाठ दोन मारल्या, तर पडद्यावर दिसणारे त्याच्यासारखे सगळेच येतात. माझा भाचा एकाच माणसाला लाकडे आणावयास धाडू पाही आणि सारे शेतकरी शेते ओस टाकून रानाकडे चालू लागत! गावातले धान्य संपे, सैन्य उभे राहीना आणि शत्रू येऊन कोट पाडी. घरातील वडील मंडळींनी ‘इतका वेळ खेळल्यावर दुसरे काय होणार?’ असा निकाल दिला होता. अधिक वाईट हे, की भाच्याने तो मान्यही केला होता. आपले बोट थरथरते, आपल्याला हा खेळ जमावयाचा नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते.

मी त्याला म्हटले, “खेळ बंद कर आणि पडद्यावरच्या एखाद्या फोल्डरवर सावकाश एकच टिचकी मार.” त्याने मारली आणि फोल्डर उघडले. वस्तुतः त्याच्या संगणकावर एका टिचकीने ते उघडावयाचे नव्हते. मग शेजारच्या मित्राचा माऊस आणवून तोच प्रयोग त्याच हाताने पुन्हा करविला. या वेळी फोल्डर उघडले नाही. हात निर्दोष ठरला! माऊस एकदा दाबला असता, दोनदा दाबल्याची खोटी वार्ता तो संगणकास देत होता.

आता नवा माऊस घेणे आले. भाच्याची अट एकच होती: “मामा, या वेळी टिकाऊ घ्यायचा.” अट मला मनापासून आवडली; परंतु टिकाऊ कशास म्हणावे, यावर आम्हा दोघांचे मुळीच पटेना. तोच वाद तुमच्यापुढे मांडावा, असे मला वाटले. कारण तुमच्यापैकी पुष्कळांना आज ना उद्या ही वस्तू निवडावी लागणार आहे.

भाच्याचा विश्वास खोक्यावर होता. त्याच्या बिघडलेल्या माऊसच्या खोक्यावरही ‘२ कोटी टिचक्या’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी त्याला पाच मिनिटे खेळून टिचक्या मोजावयास सांगितल्या. त्या २०० भरल्या. म्हणजे तासाला २,४००, आणि दररोजच्या दीड तासाला ३,६००. या हिशेबाने दोन कोटी टिचक्या पुऱ्या व्हावयास पंधरा वर्षे लागावयास हवीत. प्रत्यक्षात तो माऊस चौदा महिन्यांत बिघडला. तोवर जेमतेम पंधरा लाख टिचक्या झाल्या असतील. मग खोक्यावरचा आकडा खोटा म्हणावा काय? तसेही नाही. तो एका निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि हे समजावयास माऊसच्या पोटात डोकावणे भाग आहे.

माऊसच्या प्रत्येक कळीखाली एक चिमुकला खटका असतो. त्याला मायक्रोस्विच म्हणतात. त्यात तांबेमिश्रित धातूची एक पातळ पट्टी असते आणि त्या पट्टीचीच एक वाकविलेली जीभ स्प्रिंगचे काम करते. आपण कळ दाबली, की पट्टी ‘टक्’ आवाज करून खालच्या धातूच्या बिंदूवर आपटते आणि विजेचा मार्ग जुळतो. परंतु जमिनीवर टाकलेला चेंडू जसा एकदम थांबत नाही, तशी ही पट्टीही पहिल्या आपटीबरोबर स्थिर होत नाही. सेकंदाच्या काही हजारांश भागात ती बारीक बारीक उसळ्या घेते. प्रत्येक उसळी ही टिचकी समजली गेली असती, तर नव्या माऊसनेही घोटाळा केला असता. म्हणून माऊसमधील मंडल पहिल्या स्पर्शानंतर क्षणमात्र थांबते आणि मधल्या उसळ्यांकडे काणाडोळा करते.

पुढे काय होते ते पाहा. पट्टीचा ताण हळूहळू कमी होतो. जेथे धातू धातूस भिडतो, तेथे हवेमुळे गंजाचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. खटक्यातून जाणारा प्रवाह फार थोडा असल्याने तो पापुद्रा फोडण्याचे सामर्थ्य त्या प्रवाहात नसते. स्पर्श अर्धवट होऊ लागतो. जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. मंडलाने थांबावयाचा क्षण संपून गेल्यावरही ही तुटातूट चालूच राहिली, की एका टिचकीच्या दोन होतात. त्यातून अलिबागची समुद्रावरची खारी हवा आणि पावसाळ्याचा दमटपणा! कारखान्यात आकडा काढतात, तेव्हा एक यंत्र खटक्यास एकाच गतीने, सरळ रेषेत दाबत राहते. त्यावरून स्प्रिंग किती काळ मोडणार नाही, हे उमगते. परंतु पट्टी मोडावयाच्या पुष्कळ आधी स्पर्श मळू शकतो, आणि तो कोकणातल्या खिडकीपाशी केव्हा मळेल, हे त्या यंत्राला कोठून कळावे?

यावर भाच्याने नवा पर्याय पुढे केला. अलीकडे काही माऊसांत धातूचा स्पर्शच नसतो. खटक्याच्या आत डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाशाचा किरण असतो आणि कळ दाबली, की तो अडतो किंवा मोकळा होतो. धातू धातूस भिडत नाही, म्हणून गंज नाही आणि उसळीचा घोटाळाही नाही. ही युक्ती खरोखर नामी आहे, आणि दुहेरी टिचकीच्या दुखण्यावर मला तरी हा उत्तम उपाय वाटतो. पण म्हणून सगळा माऊस अमर झाला, असे समजू नका. मधले चाक आहे, ते फिरले की मोजणारा भाग आहे. वायर जेथे माऊसच्या तोंडातून बाहेर पडते, तेथे ती रोज वाकून आतून तुटते. वायर नसलेल्या माऊसमध्ये बॅटरी असते, आणि पुन्हापुन्हा भरावयाची बॅटरी काही वर्षांनी धरेनाशी होतेच.

येथे मला जुन्या माऊसची आठवण झाल्यावाचून राहवत नाही. पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि घडविणारे हात बिल इंग्लिश यांचे. त्याचे अंग चक्क लाकडाचे होते आणि पोटाखाली एकमेकींशी काटकोन करणारी दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखविला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. आम्ही संगणक शिकलो, तो या गोळीच्या माऊसवर. गोळीबरोबर टेबलावरची धूळ आत जाई आणि पडद्यावरचा बाण अडखळू लागे. मग आम्ही माऊस पालथा करीत असू, पोटावरची चकती अंगठ्याने फिरवून गोळी तळहातावर घेत असू आणि आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडून काढीत असू. त्यासाठी कारागीर लागत नसे, हत्यार लागत नसे. १९९९ पासून गोळीच्या जागी प्रकाश आणि इवलासा कॅमेरा बाजारात आला. तो पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेऊन हालचाल ओळखतो. मळाची कटकट गेली, हे चांगलेच झाले. परंतु तिच्याबरोबर माऊसच्या पोटाचे दारही नाहीसे झाले! आज स्क्रू असतात, पण बहुधा ते पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्यांच्या मागे दडविलेले असतात. पट्टी उचकटली, की ती पुन्हा नीट बसत नाही. नवी आणावी लागते.

म्हणून माझे मत असे बनले आहे, की ज्या वस्तूचा झिजणारा भाग बदलता येतो, ती टिकाऊ. बॅटच्या दांड्यावरचे रबर झिजले म्हणून कोणी बॅट फेकून देत नाही. सतारीची तार तुटली, तर सतार माळ्यावर जात नाही. माऊसचा खटका तर जोंधळ्याच्या चार दाण्यांएवढा. त्याच्यापायी सारी वस्तू कचऱ्यात का जावी? असूस कंपनीच्या ग्लॅडियस नावाच्या माऊसमध्ये खटके केवळ खाचेत दाबून बसविलेले असतात. ते चिमट्याने उपटून नवे बसविता येतात, डाख द्यावा लागत नाही. एका कंपनीला जे साधते, ते इतरांना अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

भाच्याने माझ्यावर उलट हल्ला चढविला, आणि तो लेचापेचा नव्हता. “मामा, एका महाग माऊसच्या पैशांत चार स्वस्त येतात. एक मोडला की दुसरा!” हिशेब खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण स्वस्त माऊस एका सकाळी साफ मरून पडत नाही. दहा टिचक्यांत एक चुकते, मग पाचांत एक; तो असा महिना महिना आजारी असतो आणि तेवढे दिवस आपण आपल्याच बोटाला बोल लावीत बसतो. भाच्याच्या त्या रडव्या महिन्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची? आणि फेकलेले माऊस जातात कोठे, हेही पाहावयास हवे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा जमा झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे.

दिवाळीच्या सुटीत भाचा मुंबईस आला, तेव्हा आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. आधी जुना माऊस दुरुस्तीस दिला. एका चिंचोळ्या दुकानातील कारागिराने तो उघडला, डाख वितळवून खटका काढला आणि त्याच मापाचा नवा बसविला. वीस मिनिटांत काम झाले. नवी वस्तू घेण्याच्या मानाने खर्च अगदी किरकोळ होता. भाचा टक लावून पाहत होता. जुना खटका त्याने मागून घेतला आणि खिशात टाकला.

तरीही नवा माऊस घ्यावयाचे ठरले होते. मी शब्द मोडला नाही. दुकानदाराने आमच्यापुढे लखलखणारे दिवे आणि आकड्यांची आतषबाजी मांडली. एकावर २५,०००हून मोठा आकडा होता. माऊस इंचभर सरकला असता त्याची हालचाल किती बारकाईने मोजली जाते, त्याचा तो आकडा. पण चांगले खेळाडूदेखील बहुधा ४०० ते १,६०० यांमध्येच तो ठेवतात. मी दुकानदाराला एवढेच विचारले, “हमी किती वर्षांची?” कोटींचा आकडा छापावयास शाई पुरते, हमी पाळावयाची, तर कंपनीला पदरचे पैसे मोडावे लागतात. म्हणून मला तो आकडा अधिक विश्वासाचा वाटतो. दुसरी गोष्ट मी भाच्याच्या हाताची पाहिली. मोठ्या माणसाच्या पंजासाठी केलेला माऊस बारा वर्षांच्या मुलाने धरला, की तो टिकून राहावा म्हणून मूठ आवळली जाते आणि कळ उगाच जोराने दाबली जाते. त्यात बोटही दुखते.

शेवटी आम्ही निवडला तो साधा, काळा, वायरचा माऊस होता. प्रकाशाच्या खटक्यांचा, मुठीत मावणारा, दोन वर्षांच्या हमीचा. दिवे नसल्याबद्दल भाचा जरा हिरमुसला होता, हे खोटे कशाला सांगू? दुरुस्त झालेला जुना माऊस त्याने धाकट्या बहिणीला देऊन टाकला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. खेळात जिंकलास का, असे मी विचारले. “दोनदा जिंकलो, तीनदा हरलो,” तो म्हणाला, “पण मामा, ते तिन्ही पराभव माझे स्वतःचे होते.” मग आवाज खाली आणून त्याने विचारले, की नव्या माऊसच्या पोटाखालची पट्टी काढून आत कसे आहे ते पाहिले, तर हमी जाईल काय? जाण्याचा संभव आहे, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. हमी ज्या दिवशी संपते, ती तारीख त्याने आता भिंतीवर लिहून ठेवली आहे, असे माझी बहीण सांगते.