पोस्ट बेसिकची पदवी मिळाली, सिनिऑरिटी गेली: सीमाभागातल्या सिस्टरांच्या अभ्यासाचं नेमकं होतं काय?

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात बारावीनंतर मुलीनं काय करायचं, याचं एक ठरलेलं उत्तर आहे: नर्सिंगला घाला. तीन वर्षांचं जीएनएम, मग बेळगावात, कोल्हापुरात, मिरजेला नाहीतर गोव्यात नोकरी. घरात पगार येतो, पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहते. उत्तर काही चुकीचं नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. तेव्हापासून या भागाला पांढऱ्या गणवेशाची ओळख आहे.

खरा पेच येतो आठ-दहा वर्षांनी. तोवर सिस्टर वॉर्डात मुरलेली असते. नवख्या डॉक्टरला सलाईन सापडत नाही, तेव्हा हाक तिलाच मारतात. पण इन्चार्जची जागा निघाली की अर्जावर पहिला प्रश्न येतो, "डिग्री आहे का?" चार वर्षांचं बी.एस्सी. करून आलेली मुलगी वर जाते आणि जिनं तिला इंजेक्शन भरायला शिकवलं, ती खालीच राहते. मग तिशी-पस्तिशीत, मुलं शाळेत असताना, पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा विचार सुरू होतो.

वाटा दोन. एक नियमित कॉलेजची, दोन वर्षांची. दुसरी इग्नूची, तीन वर्षांच्या दूरशिक्षणाची. तिथं जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि जागा मोजक्या. सरकारी नोकरीतल्या सिस्टरला निदान पगारासह अभ्यासाला पाठवण्याची सोय असते, तीही नंबर लागला तर. खासगीतल्या सिस्टरनं बहुतेक वेळा राजीनामाच द्यायचा.

माझ्या मावसबहिणीनं हेच केलं. अकरा वर्षं एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला. कॉलेज त्याच संस्थेचं. कागदोपत्री तिनं राजीनामा दिला. प्रत्यक्षात दिवसा कॉलेज आणि आठवड्यातून दोन-तीन नाइट त्याच वॉर्डात, कारण फी भरायची होती आणि हॉस्पिटलला माणूस हवं होतं. दोन वर्षांनी पदवी घेऊन परत रुजू झाली ती 'नवीन स्टाफ' म्हणून. अकरा वर्षांची सिनिऑरिटी त्या राजीनाम्याबरोबर गेली.

पण या लेखाचा विषय तेवढाच नाही. त्या दोन वर्षांत ती काय शिकली आणि त्यातलं कुणी काय उचललं, हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे.

फाइल आणि वही

पोस्ट बेसिकला पहिल्या वर्षी मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, सायकॉलॉजी, मेडिकल-सर्जिकल वगैरे. दुसऱ्या वर्षी कम्युनिटी हेल्थ, मेंटल हेल्थ, अध्यापन, प्रशासन आणि संशोधन-संख्याशास्त्राची तोंडओळख. सोबत केअर प्लॅन, केस स्टडी, हेल्थ टॉक यांच्या फाइली. या फाइली कशा तयार होतात हे नर्सिंगवाल्यांना सांगायला नको. मागच्या बॅचची फाइल आणायची, पेशंटचं वय आणि बेड नंबर बदलायचा, बाकी तेच. दोष मुलींचा म्हणावा तर नाइट करून आलेली बाई दुपारी वीस पानं स्वतःच्या इंग्रजीत लिहिणार कधी?

ताईनंही तेच केलं. पॅरालिसिसच्या एका आजोबांची केस स्टडी होती. जुन्या फाइलीतून उतरवत असताना एका वाक्यावर ती थांबली: पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला जखम होऊ नये म्हणून हे करायचं असतं, हे तिला जीएनएमपासून पाठ. पण त्या वॉर्डात नाइटला दोन सिस्टर आणि तीसच्या वर पेशंट. दोन तासांनी कूस बदलते का? तिलाच खात्री नव्हती.

मग तिनं एक छोटी वही केली. पुढच्या काही नाइटना आजोबांची कूस खरोखर किती वाजता बदलली, तेवढंच त्यात लिहिलं, मराठीत. दोन मोठे खड्डे दिसले. एक रात्रीच्या हँडओव्हरच्या आसपास, दुसरा पहाटे, जेव्हा रक्ताचे नमुने, इंजेक्शनं, टीपीआर सगळं एकदम येतं. पहाटेचा खड्डा कधी कधी पाच तासांपर्यंत जायचा. म्हणजे आळस हे कारण नव्हतं. कामाची मांडणीच तशी होती.

हे तिनं फाइलीत लिहिलं. मॅडमनी लाल पेनानं खोडलं. आदर्श काळजी काय ती लिहा, वॉर्डाच्या अडचणी लिहू नका, असा शेरा. ताईनं पान बदललं, मार्क मिळाले. वॉर्डात मात्र तिनं इन्चार्जना विचारून एक केलं: त्या दोन वेळांना कूस कशी वळवायची, उशी कुठं ठेवायची, हे नातेवाइकांना शिकवलं आणि बेडला मराठी-कन्नड दोन्हीत वेळा लिहिलेला कागद अडकवला. जखमा बंद झाल्या असा दावा ती करत नाही. पहाटेचा खड्डा कमी झाला, एवढं सांगते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८४ मध्ये नर्सच्या प्रवासाच्या नवशिक्यापासून निष्णातपर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली एक गोष्ट आपल्या सिस्टरांना तंतोतंत लागू पडते. निष्णात नर्सला पेशंट बिघडतोय हे आधी कळतं, पण कसं कळलं हे तिला चटकन सांगता येत नाही. ज्ञान हातात असतं, शब्दांत नसतं. ते शब्दांत आणायचं साधन म्हणून स्वतःच्या कामाविषयी लिहायला सांगतात. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत वापरतात: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय झालं, का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. ताईच्या वहीत या सहापैकी बहुतेक सगळं होतं. तिनं गिब्जचं नाव तेव्हा ऐकलंही नव्हतं. आणि खोडलं गेलं ते नेमकं हेच.

इथं भाषेचा मुद्दा येतो. औषधांची नावं, चार्ट, परीक्षा इंग्रजीत असावीत, याला माझा विरोध नाही. उद्या परदेशी जायचं तर तेच लागणार. पण "मला काय वाटलं, माझं कुठं चुकलं" हे मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्या बाईला इंग्रजीतच लिहायला लावलं, की ती जुन्या फाइलीकडे वळणार. निदान हा भाग तिच्या भाषेत लिहू द्यायला काय हरकत आहे?

पदवी वाढली, माणसं नाही

नर्सच्या पदवीनं पेशंटचं भलं होतं का? याला आकड्यांचा आधार आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथं शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. आपल्याकडे हे वाक्य भाषणांत येतं. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य येत नाही: एका नर्सवर एक पेशंट वाढला, की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडचा निकष शिकवण्याच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचमागे एक, असा आहे. ताईच्या वॉर्डाचा हिशेब वर दिलाच आहे.

पैशाचंही तसंच. केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या आयोगात ४४,९०० पासून सुरू होतं. खासगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं शिफारशी केल्या: २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. तीन राज्यांच्या या कोपऱ्यात किती छोट्या नर्सिंग होमांत एवढा पगार मिळतो, हे वाचकांनी आपल्या ओळखीच्या सिस्टरला विचारून पाहावं.

सीमेवरच्या सिस्टरला आणखी एक काम वाढतं. नोंदणी राज्याच्या कौन्सिलची. बेळगावात शिकून कोल्हापूरला किंवा बांबोळीला नोकरी धरायची, तर आधीच्या कौन्सिलकडून पडताळणी आणि मग त्या राज्याची नोंदणी; नवीन पदवीचीही नोंद वेगळी करायची. पाच वर्षांनी नूतनीकरणाला १५० तासांचं निरंतर शिक्षण दाखवायचं. हे तास बऱ्याचदा सभागृहात बसून भरतात, सर्टिफिकेट घेऊन लोक उठतात. संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती नीट चालली तर आपल्या भागातल्या मुलींचे हेलपाटे वाचतील.

माझं म्हणणं एवढंच की त्या १५० तासांत सिस्टरनं स्वतःच्या वॉर्डात केलेली अशी एखादी नोंद धरली जावी. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला आपण दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सदस्य करून घेतलं ते सैनिक कशानं मरतात याचे आकडे मांडले म्हणून. बाई मोजत होती. आपल्याकडच्या ट्रस्टींनी राजीनाम्याऐवजी बिनपगारी का होईना, अभ्यासरजा दिली, तर सिनिऑरिटी तरी टिकेल. याला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

ताईच्या पदवीची नोंद कर्नाटक कौन्सिलकडे अजून व्हायची आहे. ती झाली की गोव्याची नोंदणी करू, असं तिच्या घरात चाललंय. तिच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतायत, आणि त्या जागेसाठीच्या सिनिऑरिटी यादीत ताईचं नाव सध्या खालून दुसरं आहे.