तार खासगी, फाटक सरकारी

टेंभुर्णी (जि. जालना) : नकाशावर अकोला आणि छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याजवळून जाते. टेंभुर्णी हे याच तालुक्यातील गाव. विदर्भात कोळशावर तयार होणारी वीज पश्चिमेकडे न्यायची, तर बुलढाणा आणि जालन्याचा हा पट्टा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. दक्षिणेला जालना शहरातील सळई तयार करणारे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांना लागणारी वीज हा त्यांच्या खर्चातील मोठा भाग असतो आणि स्वस्त सौरविजेसाठी ते धडपडत असतात. शिवाय शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यभर गावोगावच्या उपकेंद्रांजवळ छोटे सौरप्रकल्प उभे राहत आहेत. या तिन्ही प्रकारांत वाहिनीसाठीचा पैसा बहुधा खासगी असतो. मात्र वाहिनी ज्या जाळ्याला जोडायची, त्याचे फाटक सार्वजनिक संस्थेच्या हाती असते आणि मनोरे किंवा खांब रोवले जातात ते शेतकऱ्याच्या जमिनीत. या तिघांचे हितसंबंध जुळवणारी जोडणीची प्रक्रिया अद्याप आपल्याकडे पुरेशी घडलेली नाही, हाच खरा प्रश्न आहे.

दोन दशकांचा अनुभव

२००३च्या वीज कायद्याने पारेषणाचे क्षेत्र परवान्याच्या अटीवर खासगी गुंतवणुकीला खुले केले. त्यानंतर ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महापारेषण ही कंपनी अस्तित्वात आली. पुढच्या काही वर्षांत राज्यात खासगी पारेषण वाहिन्यांची पहिली मोठी लाट आली आणि ती मुख्यत्वे वीजप्रकल्पांच्या पाठोपाठ आली. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडच्या प्रकल्पाची वीज कोयना आणि कराडकडे नेणाऱ्या वाहिन्यांसाठी जेएसडब्ल्यू समूह आणि महापारेषण यांनी ७४ आणि २६ टक्के भागीदारीत कंपनी काढली. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील अदानी समूहाच्या ३,३०० मेगावॅटच्या प्रकल्पानंतर तिरोडा-कोराडी-अकोला-औरंगाबाद असा ७६५ केव्हीचा मार्ग उभा राहिला. त्यासाठी राज्य वीज नियामक आयोगाने २०१०मध्ये परवाना दिला. सुमारे १,२०० सर्किट किलोमीटर लांबीचा हा मार्ग पूर्व आणि पश्चिम महाराष्ट्राला जोडणारा कणा ठरला.

या वाहिन्या खासगी पैशातून झाल्या, हे खरे. पण त्यांचा मोबदला अखेर वीजग्राहकच देतो. कायद्याच्या कलम ६२ नुसार आयोग खर्च तपासतो, त्यावर परतावा मंजूर करतो आणि ती रक्कम राज्यातील पारेषण आकारात मिळवली जाते. दुसरा मार्ग कलम ६३चा, म्हणजे स्पर्धात्मक निविदेचा. २०१६च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने ठरावीक खर्चमर्यादेपुढील राज्यांतर्गत वाहिन्यांसाठी निविदेचा आग्रह धरला. तरीही हे दोन्ही मार्ग कायद्यात समान दर्जाचे आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या आरे-कुडूस या १,००० मेगावॅटच्या एचव्हीडीसी प्रकल्पाच्या वादात दिला. आयोगांनी त्याविषयीचे नियम स्पष्ट करावेत, असेही न्यायालयाने सांगितले.

वाहिनी वेळेवर न जोडल्याची किंमत किती मोठी असते, हे मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवले. त्या दिवशी मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहर ठप्प झाले. मुंबईत वीज आणण्याची क्षमता वाढवणारी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी तोवर अनेक वर्षे रखडली होती. ती कार्यान्वित झाली ऑक्टोबर २०२३मध्ये. मुंबईची वाहिनी रखडली, की त्याची बातमी होते. जालना किंवा जाफराबादच्या उपकेंद्रावरची जोडणी रखडली, तर ती फायलीतच राहते.

परवाना गेला, प्रश्न राहिले

केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये वीज नियमांत केलेली दुरुस्ती जालन्यासारख्या औद्योगिक शहरासाठी महत्त्वाची आहे. वीजनिर्मिती कंपनी, स्ववापरासाठी वीजप्रकल्प उभारणारा उद्योग किंवा ऊर्जा साठवणूक प्रकल्प यांना जाळ्यापर्यंतची स्वतःची समर्पित वाहिनी टाकण्यासाठी परवान्याची गरज नाही, असे त्यात स्पष्ट केले. त्याच रांगेत मोठ्या ग्राहकालाही बसवले. आंतरराज्य जाळ्याला जोडून घ्यायचे असेल, तर किमान २५ मेगावॅट आणि राज्याच्या जाळ्याला जोडायचे असेल, तर किमान १० मेगावॅट भार असलेला ग्राहक स्वतःच्या खर्चाने वाहिनी टाकू शकतो. भट्टी आणि रोलिंग मिल एकाच आवारात असलेल्या मोठ्या पोलाद कारखान्याच्या दृष्टीने ही सवलत लहान नाही.

पण परवान्याची पायरी काढल्याने वाट मोकळी झाली, असे म्हणता येत नाही. वाहिनी टाकण्याआधी उपकेंद्रात ‘बे’ मिळावा लागतो. बे म्हणजे उपकेंद्राच्या आवारातील ती जागा आणि त्यावरील सर्किट ब्रेकर, आयसोलेटर, मीटर आदी उपकरणे, जिथे बाहेरची तार जाळ्याला मिळते. उपकेंद्रात बे मोजके असतात, रोहित्रांची क्षमता मर्यादित असते. म्हणून कोणाला कोणत्या उपकेंद्रावर, कोणत्या दाबावर आणि केव्हा जोडायचे, हा निर्णय परवान्याहूनही मोलाचा ठरतो.

हा निर्णय राज्यात महापारेषणच्या हाती आहे. वीज कायद्याच्या कलम ३९ नुसार राज्य पारेषण संस्थेने जाळ्याचे नियोजन करायचे आणि सर्वांना भेदभावाविना प्रवेश द्यायचा, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात ही भूमिका महापारेषणने बजावली आहे. मात्र हीच कंपनी राज्यातील बहुतांश उपकेंद्रांची आणि वाहिन्यांची मालकही आहे. जिथे खासगी कंपनीही वाहिनी टाकू इच्छिते, तिथे नियोजक आणि स्पर्धक एकच असणे कोणाच्याच सोयीचे नाही. महापारेषणचा प्रत्येक निर्णय चोख असला, तरी नाकारल्या गेलेल्या अर्जदाराच्या मनात शंका उरतेच.

केंद्रीय पातळीवर ही अडचण ओळखली गेली होती. आंतरराज्य जाळ्याच्या नियोजनाचे काम पॉवरग्रिड या वाहिन्या बांधणाऱ्या कंपनीकडेच होते. १ एप्रिल २०२१ पासून ते ‘सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी ऑफ इंडिया’ या वेगळ्या कंपनीकडे सोपवण्यात आले. ही कंपनी पॉवरग्रिडची उपकंपनी असल्याने फारकत अर्धवट आहे, अशी टीका करता येईल. पण दिशा योग्य आहे. राज्यानेही त्या दिशेने पाऊल टाकले पाहिजे.

रांगेचा हिशेब

जोडणीची रांग हा जगभरचा प्रश्न आहे. अमेरिकेत २०२२च्या अखेरीस जाळ्यात जागा मिळण्याची वाट पाहणारे अर्ज १०,००० हून अधिक होते आणि त्यांची क्षमता २,००० गिगावॅटच्या पुढे गेली होती. यातील अनेक अर्ज जागा अडवण्यापुरतेच केलेले होते. म्हणून तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने जुलै २०२३मध्ये ‘आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व सोडून ‘आधी तयार असेल त्याला आधी’ हे तत्त्व स्वीकारले आणि अर्जांचा एकेकटा अभ्यास न करता गटाने अभ्यास करण्याची सक्ती केली. ब्रिटनमध्येही एप्रिल २०२५मध्ये अशाच सुधारणेला नियामकाची मंजुरी मिळाली.

भारतात केंद्रीय आयोगाने २०२२मध्ये आंतरराज्य जाळ्यासाठी जोडणीचे नवे विनियम केले. अर्जासोबत ५ लाख रुपये शुल्क, मंजुरीच्या टप्प्यांवर बँक हमी आणि नवीकरणीय ऊर्जा प्रकल्पांसाठी जमीन, वीजखरेदीचा करार किंवा त्याऐवजी मोठी हमी अशा अटी त्यात आल्या. हौशी अर्जदार गाळले जावेत, हा हेतू होता. त्याचबरोबर समर्पित वाहिनी आणि बे दोघांनी वाटून वापरण्याची मुभाही ठेवण्यात आली.

महाराष्ट्राच्या जाळ्यातही ही शिस्त तितक्याच कसोशीने हवी. कोणत्या उपकेंद्रावर किती क्षमता शिल्लक आहे, किती अर्ज रांगेत आहेत, कोणता अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे, हे कोणालाही पाहता आले पाहिजे. जून २०२२च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांत १५ दिवसांत अर्जावर निर्णय न झाल्यास मंजुरी गृहीत धरण्याची तरतूद आहे. पण ती विजेच्या प्रवेशापुरती आहे. बे मोकळा नसेल, तर कागदावरच्या या प्रवेशाचा उपयोग काय?

जमिनीचा मालक कोठे?

या साऱ्या प्रक्रियेत एक पक्ष कोठेच नसतो. तो म्हणजे ज्याच्या सातबाऱ्यावरील जमिनीवरून तार जाते तो शेतकरी. पारेषण वाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही; मालकी शेतकऱ्याचीच राहते. पण मनोऱ्याची जागा कायमची अडते, तारांखाली उंच झाड किंवा घर उभारता येत नाही आणि जमिनीची किंमत उतरते. वाहिनीच्या पट्ट्याची रुंदी सर्वसाधारणपणे १३२ केव्हीसाठी २७ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ मीटर आणि ४०० केव्हीसाठी ४६ मीटर धरली जाते. म्हणजे १३२ केव्हीच्या एका वाहिनीखाली दर किलोमीटरला २.७ हेक्टर, जवळपास पावणेसात एकर जमीन बंधनाखाली येते. दोन कारखान्यांनी दोन स्वतंत्र वाहिन्या टाकल्या, तर १० किलोमीटरच्या अंतरात ५४ हेक्टर. तेच काम एका रांगेतील मनोऱ्यांवर दोन सर्किट टाकून केले, तर पट्टा साधारण निम्म्यावर येतो. वाहिनी वाटून घेण्याचा आग्रह हा केवळ तांत्रिक सोयीचा विषय नाही, तो शेतकऱ्याच्या जमिनीचाही विषय आहे, तो असा.

भरपाईबाबत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के, असे प्रमाण त्यात सुचवले. २०१५च्या तत्त्वांत ते अनुक्रमे ८५ टक्के आणि कमाल १५ टक्के होते. सुधारणा मोठी आहे. मात्र ती स्वीकारायची की नाही, हे राज्यांवर सोपवलेले आहे. शिवाय ही तत्त्वे ६६ केव्ही आणि त्यावरील, मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वाहिन्यांपुरती आहेत. ११, २२ किंवा ३३ केव्हीच्या खांबांवरील वाहिन्या त्यांत बसत नाहीत.

नेमकी येथेच गावपातळीवरची अडचण सुरू होते. २०२३मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या जमिनीवर छोटे सौरप्रकल्प उभारले जातात. यातील पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. प्रकल्पासाठी खासगी जमीन भाड्याने दिल्यास वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. पण प्रकल्प ते उपकेंद्र या अंतरातील खांब ज्यांच्या बांधावर रोवले जातात, त्यांना असे कोणतेही ठरलेले भाडे नाही. एकाच शिवारातील एका शेतकऱ्याला वर्षाचे भाडे आणि शेजाऱ्याला पिकाच्या नुकसानीपुरती रक्कम, ही विषमता वादाला आमंत्रण देणारी आहे.

कायदेशीर अधिकाराचाही प्रश्न आहे. वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार सरकार १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातील अधिकार वाहिनी टाकणाऱ्याला देऊ शकते. त्या आधारे जमीनमालकाचा विरोध असला, तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने काम पुढे नेता येते. पण हे अधिकार सरकारी अधिकारी, परवानाधारक किंवा वीजपुरवठ्याचा व्यवसाय करणाऱ्यांना देण्याची कायद्यात सोय आहे. केवळ स्वतःच्या कारखान्यासाठी वाहिनी टाकणारा उद्योग या चौकटीत बसतो का? बसत नसेल, तर त्याला प्रत्येक शेतकऱ्याची संमती घ्यावी लागेल आणि एका शेतासाठी सारी वाहिनी अडू शकेल. बसत असेल, तर एका कारखान्याच्या नफ्यासाठी सरकारी बळ वापरणे कितपत न्याय्य, असा प्रश्न उभा राहील. २०२४च्या दुरुस्तीने परवाना काढून टाकला, पण हा पेच सोडवला नाही.

सुधारणेची दिशा

यावरून सुधारणेचा क्रम स्पष्ट होतो. नियोजनाचे काम वाहिन्यांच्या मालकीपासून वेगळे करावे. रांग उघड करावी आणि प्रत्येक टप्प्याला मुदत व मुदत चुकवणाऱ्या दोन्ही बाजूंना दंड असावा. त्याच दिशेने जाणारी दुसरी वाहिनी मंजूर करण्यापूर्वी आधीच्या वाहिनीवर जागा आहे का, याची तपासणी सक्तीची करावी. वाहिनी ज्याच्या पैशातून झाली, त्याची गरज संपल्यावर किंवा कारखाना बंद पडल्यावर ती कोणाची, हे जोडणीच्या करारातच लिहिलेले असावे. आणि अंतिम मंजुरीपूर्वी मार्गाचा आराखडा ग्रामपंचायतीत लावून, भरपाईचा दर जाहीर करून तिचा निम्मा भाग तरी जमा झालेला असावा. ३३ केव्हीच्या खांबांनाही भरपाईचे ठरलेले प्रमाण लागू व्हावे.

यातील शेवटच्या अटीने वाहिन्यांचा खर्च वाढेल, असा उद्योगांचा आक्षेप येऊ शकतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. पण वाद, स्थगिती आणि अडलेले मनोरे यांतून वाढणारा खर्च कोणी मोजत नाही म्हणून तो शून्य ठरत नाही. तयार सौरप्रकल्प वाहिनीअभावी थांबला, तर कर्जाचे व्याज थांबत नाही.

जालन्याच्या भट्टीला स्वस्त वीज हवी, टेंभुर्णीच्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देण्यासाठी वीज हवी आणि त्याच्याच शेतातून कोणाची तरी तार जाणार आहे. यांपैकी कोणाचीही मागणी अवाजवी नाही. खासगी पैसा आल्याने सार्वजनिक जबाबदारी कमी होत नाही. उलट फाटकावर बसणाऱ्याचे काम अधिक अवघड होते. कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर आणि कोणाला विचारून फाटक उघडायचे, याचे नियम आधी लिहिले गेले, तर पुढचे बरेच तंटे शेताच्या बांधावर येण्यापूर्वीच मिटतील.