जीवनवाद आणि रुपेरी पडदा

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा कादंबरीकार ना. सी. फडके आणि खांडेकर यांच्यातील वाद मराठी साहित्यविचारात इतका मुरला आहे की, त्यातील जीवनवादी पक्षाचे अध्वर्यू वि. स. खांडेकर यांच्या मताची सर्वांत कठीण कसोटी ग्रंथांत नव्हे, तर चित्रपटांत लागली, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

शिरोड्याच्या शाळेत शिक्षक असतानाच खांडेकरांनी दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी कथा लिहिली आणि १९३६ साली ‘छाया’ पडद्यावर आला. त्यामागून ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ हे चित्रपट आले. वाङ्मयाने समाजाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचावे असे मानणाऱ्या लेखकाला निरक्षरांनाही कवेत घेणाऱ्या या माध्यमाचा मोह पडावा, हे स्वाभाविकच होते. परंतु कादंबरीत ज्याचा एकछत्री अंमल चालतो तोच लेखक चित्रपटात दिग्दर्शक, नट, छायालेखक आणि भांडवलदार अशा अनेक वतनदारांपैकी एक ठरतो. शिवाय उपमा-रूपकांनी नटलेली सुभाषितप्रचुर वाणी हे खांडेकरांच्या शैलीचे जे वैभव, त्याची कॅमेऱ्याला फारशी गरज नसते, कारण नायिकेच्या मुद्रेवर जे दुःख क्षणार्धात उमटते, त्याला संवादातील अलंकार पुष्कळदा भारच होतो.

असे असता, हा सारा व्याप चरितार्थाचा जोडधंदा समजून चरित्राच्या परिशिष्टात ढकलण्याची आपल्या समीक्षेची वहिवाट मला अन्यायाची वाटते. ‘ययाति’ या कादंबरीचे लेखक म्हणून खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले, त्यांचा यथोचित गौरव झाला, पण सिद्धांताचे मोल तो जिथे निर्वेध चालतो तिथे नव्हे, तर जिथे अडखळतो तिथे कळते.

ही तपासणी आपल्या परिसरातूनही सुरू करता येईल. भोरचा राजवाडा चित्रपटांतून वारंवार दिसत असल्यामुळे आमच्या आंबवडे-भोरच्या मुलखाला चित्रीकरणाचे अप्रूप उरलेले नाही. उणीव आहे ती पाहिलेल्यावर विचार करण्याच्या सवयीची. तालुक्यातील वाचनालयांनी व महाविद्यालयांनी ‘ययाति’च्या जोडीला ‘छाया’ची कथाही चर्चेस घ्यावी, आणि कादंबरीकार, नाटककार राम गणेश गडकऱ्यांवर ग्रंथ लिहिणारे टीकाकार व पटकथाकार अशी खांडेकरांची तीन वेगळी खाती न मांडता त्यांचा हिशेब एकत्र तपासावा. त्यात त्यांची थोरवी वाढेल की उणावेल, हा प्रश्न गौण आहे. जीवनासाठी कला म्हणणाऱ्याचे मूल्यमापन, प्रत्यक्ष लोक ज्याच्यासाठी तिकीट काढून बसले तेवढाच भाग वगळून, पुरे होणार नाही.