वेग सगळ्यांना हवा, निगा कोणालाच नको

एफएफएमपेगसारख्या व्हिडिओच्या लायब्ररीत हाताने लिहिलेली असेंब्ली घेऊन येणारे पुष्कळ असतात. ‘सी’पेक्षा कितीतरी पट वेगाचे आकडे दाखवायचे, वाहवा मिळवायची आणि पसार व्हायचं. मागे राहतो तो कोड, आणि तो निस्तरणारे आमच्यासारखे चार जण. हे थांबलं पाहिजे.

असेंब्ली हवीच, याबद्दल दुमत नाही. एव्हीएक्स-२ या प्रोसेसरच्या सूचनासंचातल्या एका रजिस्टरमध्ये आठ बिटांचे ३२ पिक्सेल मावतात आणि एकाच सूचनेत सगळ्यांवर काम होतं. ‘हल्लीचा कंपायलर हे आपोआप करतो’ म्हणणाऱ्यांनी डाव्हवन या एव्ही-१ डीकोडरची असेंब्ली बंद करून एव्ही-१ चा व्हिडिओ लावून बघावा. बोलती बंद होईल.

पण लिहिणं हे अर्धंच काम. ६४ बिटांच्या विंडोजवर एक्सएमएम-६ ते एक्सएमएम-१५ ही रजिस्टरं वापरली, तर बाहेर पडताना ती होती तशी करून द्यावी लागतात. लिनक्सवर असं बंधन नाही. लिनक्सवर बसून लिहिणारा हे विसरतो. त्याच्याकडे सारं सुरळीत चालतं, विंडोजवर मात्र भलत्याच फंक्शनमधला दशांश आकडा बिघडतो. दोष दिसतो एकीकडे आणि मूळ असतं दुसरीकडे. ते शोधण्यात कोणाच्या रात्री जातात, हे वाहवा मिळवणाऱ्याला कधीच कळत नाही.

बरं, कोडला हात लावला नाही म्हणून तो टिकतो असंही नाही. २०२३ मध्ये बिनयुटिल्स या साधनसंचाची २.४१ ही आवृत्ती आली. तिच्या असेंबलरने शिफ्टच्या सूचनांमधले मर्यादेबाहेरचे स्थिरांक नाकारले आणि इंटेल-एएमडी यंत्रांवर एफएफएमपेग बांधलाच जाईना. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या ओळी कोणी बदललेल्या नव्हत्या, तरी दुरुस्ती कोणाला तरी करावीच लागली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ‘सी’मधली मूळ आवृत्ती आणि चेकॲझमची चाचणी सोबत नसेल, तर असेंब्लीला प्रवेश नाही, वेग कितीही असो. चेकॲझम दोन्ही आवृत्त्यांना तोच यादृच्छिक डेटा देतं, उत्तरं ताडून बघतं, रजिस्टरं शाबूत आहेत की नाही तेही तपासतं. एवढं लिहायचा ज्याला कंटाळा, त्याचा कोड आम्ही का सांभाळायचा? आणि ज्या जुन्या फंक्शनला वाली उरला नाही, ते काढून टाका. ‘सी’ची आवृत्ती संथ चालेल, पण बरोबर उत्तर देईल.

आता कंपन्यांविषयी. ज्यांचा व्हिडिओचा सगळा धंदा या फुकटच्या कोडवर उभा आहे, त्या कंपन्या नव्या फॉरमॅटसाठी पैसे काढतात. जुन्याच्या देखभालीचा विषय निघाला की हात आखडतात. त्रुटी सापडली की ‘ताबडतोब दुरुस्त करा’ असा तगादा लावायला मात्र त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. तगाद्यासाठी पगार निघतो, तर दुरुस्तीसाठीही निघालाच पाहिजे.